मुदत सरकारची, भुर्दंड कामगाराचा

३१ मार्च २०२२ ही तारीख फारसा गाजावाजा न होता निघून गेली. दूरदर्शनचे जमिनीवरील अॅनालॉग प्रक्षेपक त्या दिवसापर्यंत बंद करावयाचे, फक्त मोक्याच्या ठिकाणचे सुमारे ५० चालू ठेवावयाचे, असे प्रसार भारतीने ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर केले होते. त्या वेळेपर्यंत सुमारे ७० टक्के प्रक्षेपक बंद झालेलेच होते. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेली आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत आलेली प्रक्षेपणाची पद्धत अशा रीतीने इतिहासजमा झाली. त्याच्या पाच वर्षे आधी, ३१ मार्च २०१७ रोजी, केबलवरील अॅनालॉग प्रक्षेपणाची शेवटची मुदत संपली होती. छपरावरचा काड्यांचा अँटेना गेला, केबलची थेट टी. व्ही.ला जोडलेली वायर गेली. त्यांच्या जागी सेट टॉप बॉक्स आला, रिचार्ज आला आणि दरमहाचा खर्च आला.

रेल्वे व टपाल कामगारांच्या मुखपत्रात टी. व्ही.चे काय काम, असे कोणी विचारील. आमच्या टपाल खात्यातील जुन्या साथींना आठवत असेल की, १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओ आणि टी. व्ही. बाळगण्यासाठी परवाना लागत असे आणि त्याची फी टपाल कार्यालयाच्या खिडकीवर भरावी लागे. म्हणजे या विषयाशी आपला संबंध आजचा नाही. परंतु खरे कारण वेगळे आहे. सरकारने कायदा करून, तारीख ठरवून, एक जुने तंत्र देशभर बंद केले आणि नवे सक्तीचे केले, याचे हे अलीकडच्या काळातील मोठे उदाहरण आहे. वाफेचे इंजिन जाऊन डिझेल व वीज आली ते आपण पाहिले. १५ जुलै २०१३ पासून तार बंद झाली तेही पाहिले. अशी तारीख ठरते तेव्हा खर्च कोण करतो, काम कोणाचे जाते आणि फायदा कोणाच्या पदरी पडतो, हे तीन प्रश्न कामगाराने विचारावयाचे असतात. टी. व्ही.च्या बाबतीत ते वेळेवर विचारले गेले नाहीत.

प्रथम तंत्राविषयी. अॅनालॉग पद्धतीत चित्राच्या चढउताराप्रमाणे लहर चढते-उतरते. वाटेत अडथळा आला की चित्रात मुंग्या येतात, एकाचे दोन चेहरे दिसतात. डिजिटल पद्धतीत चित्राचे आकड्यांत रूपांतर करून ते दाबून लहान केले जाते आणि पुन्हा उलगडण्याचे काम सेट टॉप बॉक्स करतो. रेल्वेच्या भाषेत सांगावयाचे तर, ज्या मार्गावरून पूर्वी एक गाडी जात होती त्याच मार्गावरून आता अनेक गाड्या जाऊ शकतात. अॅनालॉग केबलवर शंभराच्या आसपास वाहिन्या बसत. डिजिटल केबलवर कित्येक शे बसतात. शिवाय प्रत्येक बॉक्सला स्वतःचा क्रमांक असतो. त्यामुळे कोणत्या घरात कोणती वाहिनी सुरू आहे, याची नोंद राहते. पूर्वी केबलचालकाने शंभर जोडण्या द्यावयाच्या आणि वीसच दाखवावयाच्या, असा प्रकार सर्रास चाले. त्यात वाहिनीवाल्यांचे पैसे बुडत आणि सरकारचा करही बुडे. ही चोरी थांबविणे आवश्यक होते, याविषयी आमच्या मनात शंका नाही. यंत्राला आमचा विरोध पूर्वीही नव्हता, आजही नाही.

आता कायद्याविषयी. केबल टी. व्ही.चा मूळ कायदा १९९५ चा. त्यात २००२ मध्ये दुरुस्ती झाली आणि बॉक्स सक्तीचा करण्याचा पहिला प्रयत्न सुरू झाला. २००३ मध्ये तो चेन्नईत अमलात आला. दिल्ली, मुंबई व कलकत्त्याच्या काही भागांत तो यावयाला २००६ साल संपावे लागले, आणि तेही न्यायालयाच्या आदेशामुळे. त्यानंतर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ऑगस्ट २०१० मध्ये संपूर्ण देशासाठी शिफारस केली. २५ ऑक्टोबर २०११ रोजी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये संसदेने कायदा मंजूर केला. त्याप्रमाणे चार टप्पे ठरले. पहिल्यात चार महानगरे. ३० जून २०१२ ची मुदत वाढवून ३१ ऑक्टोबर २०१२ करण्यात आली. दुसऱ्यात दहा लाखांवरील ३८ शहरे, मुदत ३१ मार्च २०१३. आपल्या पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर, औरंगाबादबरोबरच जेथे मराठी कामगार मोठ्या संख्येने आहेत ती इंदूर, भोपाळ, जबलपूर, बडोदा, हैदराबाद ही शहरे याच टप्प्यात होती. तिसऱ्यात उरलेली सर्व शहरे आणि चौथ्यात खेडी. तिसऱ्या टप्प्याची सप्टेंबर २०१४ ची मुदत डिसेंबर २०१५ वर आणि शेवटी ३१ जानेवारी २०१७ वर गेली. चौथ्याची डिसेंबर २०१४ वरून डिसेंबर २०१६ आणि मग ३१ मार्च २०१७ वर गेली. मधल्या काळात निरनिराळ्या उच्च न्यायालयांत दावे झाले, स्थगित्या मिळाल्या. बॉक्स पुरेसे नाहीत, केबलचालकांची तयारी नाही, हे तारीख जवळ आल्यावर सरकारच्या ध्यानात येई. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

या बदलातून जे मिळाले तेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. चित्र स्वच्छ झाले. वाहिन्या वाढल्या. दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिन्यांबरोबर तिच्या प्रादेशिक वाहिन्याही डिजिटल केबलवर दाखविणे बंधनकारक झाले आणि त्यात सह्याद्री वाहिनी आहे. इटारसीला, खरगपूरला किंवा सिकंदराबादला नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला पूर्वी मराठी कार्यक्रम पाहावयाचा तर केबलवाल्याची मनधरणी करावी लागे. एका वसाहतीतील दहा-वीस मराठी घरांसाठी तो आपली एक जागा कशाला अडवील? डिजिटलमुळे जागेची ही अडचण दूर झाली. परप्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या कानांवर मराठी पडते, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु या लाभाची किंमत कोणी मोजली? बॉक्सची किंमत साधारण हजार रुपयांच्या आसपास. ती ग्राहकाने एकरकमी द्यावी, हप्त्याने द्यावी किंवा भाड्याने द्यावी, असे पर्याय नियमांत होते. पण द्यावयाची ग्राहकानेच. ज्याने डिजिटल मागितले नव्हते, ज्याच्या घरी जुना टी. व्ही. ठीक चालत होता, त्याने कायद्याच्या तारखेसाठी खिशात हात घातला. घरात दोन टी. व्ही. असतील तर दोन बॉक्स. हा माल बहुतांशी परदेशातून येत होता आणि ऐन दुसऱ्या टप्प्याच्या तोंडावर, २०१३ च्या अर्थसंकल्पात, त्यावरील आयात शुल्क ५ टक्क्यांवरून १० टक्के करण्यात आले. देशी कारखान्यांना संरक्षण हवे, हे आम्हांला मान्य आहे. परंतु एका हाताने सक्ती करावयाची आणि दुसऱ्या हाताने कर वाढवावयाचा, ही आयजीच्या जिवावर बायजी उदार अशी गत झाली.

बदलीच्या कामगाराला तर याचा दुहेरी फटका बसला. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवर चालत नाही. भुसावळहून जबलपूरला बदली झालेल्या कामगाराचा विकत घेतलेला केबलचा बॉक्स तेथे गेल्यावर निकामी होतो, कारण तेथील केबल कंपनी वेगळी. मोबाईलचा हँडसेट कोणत्याही कंपनीच्या सिमवर चालतो. बॉक्सच्या बाबतीत ते का होऊ नये? कोणताही बॉक्स कोणत्याही जोडणीवर चालला पाहिजे, अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली. म्हणजे चौथ्या टप्प्याची मुदत संपून तीन वर्षे उलटल्यावर. जी अट कायद्याच्या पहिल्या दिवशी घालावयास हवी होती, ती कोट्यवधी बॉक्स विकले गेल्यावर आठवली.

पुढे आली दरांची नवी व्यवस्था. मार्च २०१७ च्या आदेशाची अंमलबजावणी न्यायालयीन लढाईनंतर १ फेब्रुवारी २०१९ पासून झाली. पाहाल तेवढ्याचेच पैसे द्या, असे सांगण्यात आले. ऐकावयास ते गोड होते. प्रत्यक्षात १०० वाहिन्यांपर्यंत १३० रुपये जोडणी आकार, त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, हे एकही पैशाची वाहिनी न घेता द्यावयाचे. त्यावर प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत वेगळी. २०२० मध्ये त्याच १३० रुपयांत २०० वाहिन्या देण्याची सुधारणा झाली, ती योग्यच होती. परंतु जुलै २०२४ मध्ये या आकारावरील कमाल मर्यादाच काढून टाकण्यात आली आणि तो ठरविण्याचे काम कंपन्यांवर सोपविण्यात आले. ग्राहकाला बॉक्सशिवाय गत्यंतर नाही अशी स्थिती कायद्याने आणून ठेवावयाची आणि मग दराचा लगाम सैल करावयाचा, याला नियमन कसे म्हणावे?

आता कामाचा प्रश्न. गल्लीतला केबलवाला म्हणजे कोणी भांडवलदार नव्हे. एक चालक, दोन-तीन पोरे, एक शिडी आणि तारेची वेटोळी, असा हा धंदा १९९० नंतर लाखो घरांत पोहोचला. पावसापाण्यात खांबावर चढणारी ही पोरे कोणत्याही हजेरीपटावर नव्हती. त्यांना ना भविष्य निर्वाह निधी, ना अपघाताचा विमा. डिजिटलसाठी लागणारे मोठे यंत्र उभारणे लहान चालकाच्या आवाक्याबाहेरचे होते. तो मोठ्या कंपनीचा वसुली करणारा एजंट बनला. पुढे वेगवान इंटरनेट आले, मोबाईलवर कार्यक्रम दिसू लागले. केबल कंपन्यांच्या महासंघाने एका सल्लागार संस्थेबरोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, केबल व डी. टी. एच. मिळून पैसे भरणारी घरे २०१८ मध्ये १५ कोटी १० लाख होती, ती २०२४ मध्ये ११ कोटी १० लाखांवर आली. चार कोटी जोडण्या गेल्या, त्यांच्याबरोबर त्या जोडण्यांवर पोट असणाऱ्यांचे कामही गेले. मालकांच्या नुकसानीची चर्चा होते. शिडीवरच्या पोराची कोणी गणती ठेवली नव्हती, त्यामुळे तो कामावरून गेला याचीही नोंद नाही. चार टप्प्यांच्या तारखा ठरविणाऱ्या अधिसूचनेत त्याच्याविषयी एक ओळ नव्हती.

दूरदर्शनची कथा थोडी निराळी आहे. १९८४ च्या सुमारास देशभर झपाट्याने लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले आणि दूरदर्शनच्या लहानमोठ्या सर्व प्रक्षेपकांची संख्या पुढे चौदाशेच्या घरात गेली. सरकारी नोकरी असल्याने तेथील कर्मचाऱ्यांना अन्यत्र सामावून घेण्याची भूमिका प्रसार भारतीने घेतली. संघटित व कायम कामगार आणि असंघटित कामगार यांच्यातील फरक येथे स्पष्ट दिसतो. एकच तंत्रबदल, पण एकाला बदलीचा हुकूम मिळाला आणि दुसऱ्याला नुसताच रामराम.

मात्र प्रेक्षकांच्या दृष्टीने येथेही काम अर्धवट राहिले. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी मुंबई, औरंगाबाद, इंदूर, भोपाळसह १६ शहरांत दूरदर्शनचे जमिनीवरील डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले. जानेवारी २०१७ मध्ये ट्रायने सुचविले होते की, डिजिटल प्रक्षेपक उभारत टप्प्याटप्प्याने जावे आणि २०२३ अखेर अॅनालॉग बंद करावे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी नवा प्रक्षेपक उभा न राहताच जुना बंद झाला. जमिनीवरचे प्रक्षेपण पाहणारे थोडेच उरले होते, हे खरे. पण जे उरले होते ते सर्वांत गरीब होते.

त्यांच्यासाठी आज एकच दार उघडे आहे, ते डी. डी. फ्री डिशचे. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेला मासिक भाडे नाही. छत्री व बॉक्स एकदा घेतले की झाले. क्रिकेटचेच पाहा. महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला दिलेच पाहिजे असा कायदा २००७ मध्ये झाला. परंतु ते प्रक्षेपण फक्त दूरदर्शनच्या जमिनीवरील प्रक्षेपकांवर आणि फ्री डिशवरच दाखविता येईल, खाजगी केबल व डी. टी. एच.वर नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये दिला. प्रक्षेपक गेल्यावर उरली ती फ्री डिश. म्हणून तिचे महत्त्व आम्ही आमच्या वाचकांच्या नजरेस मुद्दाम आणून देत आहोत.

खर्च ग्राहकानेच करावयाचा, हा काही निसर्गाचा नियम नव्हे. अमेरिकेत १२ जून २००९ रोजी मोठ्या केंद्रांचे अॅनालॉग प्रक्षेपण थांबले. तेथील सरकारने मागणाऱ्या घराला चाळीस डॉलरची दोन कुपने बॉक्ससाठी दिली. कुपनांचा निधी अपुरा पडला तेव्हा १७ फेब्रुवारीची मूळ तारीख पुढे ढकलली. ब्रिटनने २००८ ते २०१२ या काळात एकेक विभाग घेऊन बदल केला आणि ७५ वर्षांवरील वृद्धांना व अपंगांना उपकरण पुरविण्यापासून ते घरी येऊन बसवून देण्यापर्यंत मदत केली. ही भांडवलशाही राष्ट्रे आहेत, तेथे कोणी समाजवाद आणलेला नाही. आपल्याच देशात तामिळनाडू सरकारच्या केबल महामंडळाने २०१७ मध्ये ग्राहकांना बॉक्स मोफत दिले. केंद्रानेही जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केलेल्या २,५३९ कोटींच्या प्रसारण योजनेत दुर्गम, आदिवासी व सीमाभागांत फ्री डिशचे आठ लाखांवर बॉक्स मोफत देण्याची तरतूद केली. म्हणजे मनात आणले तर करता येते.

यासाठी पैसा कोठून आणावयाचा, या प्रश्नाचे उत्तर हवेतच आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात निर्णय दिला की, हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या खंडपीठावर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. या मालमत्तेला मोल किती? अनेक देशांत पूर्वी टी. व्ही.साठी वापरला जाणारा ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा घ्या. २०२२ च्या लिलावात त्यातील १० मेगाहर्ट्झसाठी एका कंपनीने ३९,२७० कोटी रुपये मोजले. त्याच पट्ट्यातील ५ मेगाहर्ट्झ जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेला लिलावाविना दिले. लोको पायलट, गार्ड व स्टेशन मास्तर यांच्यातील संभाषण आणि कवच ही टक्कररोधक यंत्रणा यांसाठी त्याचा उपयोग व्हावयाचा आहे. लहरींचा असा वापर आम्हांला मनापासून मान्य आहे. येथे सार्वजनिक मालमत्ता प्रवाशाच्या आणि कामगाराच्या जीवरक्षणासाठी लागते.

दूरदर्शनने मोकळा केलेला पट्टा याहून खालचा आहे. त्याचे काय करावयाचे, ही चर्चा आता सुरू आहे. त्यातील ५२६ ते ५८२ मेगाहर्ट्झमध्ये इंटरनेटशिवाय थेट मोबाईलवर टी. व्ही. दाखविण्याच्या चाचण्या झाल्या आहेत. ते आले तर पुन्हा नवे उपकरण, पुन्हा नवी तारीख. म्हणून आत्ताच बोलले पाहिजे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. सक्तीची तारीख ठरविण्यापूर्वी उपकरणाचा खर्च कोण करणार हे ठरले पाहिजे. अल्प उत्पन्नाच्या घरांचा भार लहरींच्या उत्पन्नातून उचलला पाहिजे. कोणतेही उपकरण कोणत्याही जोडणीवर चालले पाहिजे आणि ही अट विक्री सुरू होण्यापूर्वी लागू झाली पाहिजे. ज्यांचे काम जाणार त्यांची मोजणी आधी, तारीख नंतर. नव्या तंत्राचे शिक्षण व नव्या कामात पहिला हक्क त्यांचा. जुने बंद करण्यापूर्वी नवे प्रत्यक्ष चालू असले पाहिजे. आणि दूरदर्शनने सोडलेल्या लहरींचा एक हिस्सा लोकप्रसारणासाठी कायम राखला पाहिजे.

आमच्या शाखांनी यात करण्यासारखे बरेच आहे. रेल्वे व टपाल वसाहतींतील जोडण्यांचे दर आणि बॉक्सच्या तक्रारी शाखा सचिवांनी एकत्र कराव्यात. वसाहतीच्या छपरांवर फ्री डिशची छत्री लावण्यास प्रशासनाची परवानगी मागावी. ट्राय कोणताही नियम करण्यापूर्वी सल्लापत्र काढून जनतेकडून लेखी मते मागविते. कंपन्या आपले वकील लावून मते देतात, ग्राहक व कामगार मात्र गप्प राहतात. पुढील सल्लापत्र निघेल तेव्हा शाखाशाखांतून आपले मत वेळेवर गेले पाहिजे. तारीख जाहीर झाल्यावर मोर्चे काढून बॉक्सचे पैसे परत मिळत नाहीत. ती ठरण्यापूर्वी बोलणाऱ्याचे निदान ऐकून तरी घ्यावे लागते.